स्टेशनाजवळच्या घराचा हिशेब

उलव्यातल्या बामणडोंगरी स्थानकावर लोकलमधून उतरलं की समोर इमारतींची उंच रांग दिसते. बाल्कन्यांत कपडे वाळत असतात, खाली रिक्षा उभ्या असतात आणि फलाटावरून घराच्या दारापर्यंत चालतच जाता येतं. आर्थिक दुर्बल घटकांसाठी सिडकोने ही घरं बांधली. त्यांच्या किमतीत केंद्र सरकारचे दीड लाख आणि राज्य सरकारचा एक लाख, असं प्रत्येकी अडीच लाखांचं अनुदान आहे.

गरिबाला गाडीच्या दारात घर मिळावं आणि त्यासाठी सरकारने पैसे घालावेत, ही कल्पना दिसायला सोपी आहे. पण या अडीच लाखांपर्यंत पोचायला नवी मुंबईला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्या काळात स्थानकाजवळच्या जमिनीची किंमत कुणी चुकवली आणि फायदा कुणाच्या पदरात पडला, हे क्रमाने पाहिलं तरच त्या अनुदानाचं खरं मोल कळतं.

मूळ दुखणं मुंबईचं होतं. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख माणसं होती. १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाख झाली आणि १९७१ मध्ये साठ लाखांना भिडली. नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला, फोर्ट आणि गिरणगावात. राहायची जागा मात्र दरवर्षी उत्तरेकडे सरकत होती. सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे धावायचं आणि संध्याकाळी तेच शहर त्याच गाड्यांना लटकून उत्तरेला परतायचं. बेटाचा आकारच असा चिंचोळा, की पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला समुद्र. वाढायचं तर एकाच दिशेने.

खाडीपलीकडे पाहा, असं सांगणारे लोक सरकारी समित्यांतही होते. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वसाहत उभारण्याची शिफारस केली. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबईचा विचार एकट्या शहरापुरता न करता साऱ्या प्रदेशाचा म्हणून करा, असं सांगितलं. महापालिकेने १९६४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा मांडला, तो मात्र बेटाच्या आणि उपनगरांच्या हद्दीतच अडकलेला होता.

त्या मसुद्याला उत्तर म्हणून तिघांनी वेगळा नकाशा काढला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल. मुल्कराज आनंद संपादक असलेल्या 'मार्ग' या नियतकालिकाने १९६५ मध्ये त्यांची योजना छापली. खाडीच्या पूर्वेला मुंबईच्या बरोबरीचं जोडशहर वसवावं, शासनाने आपली कार्यालयं तिकडे हलवावीत आणि शहराची बांधणी सार्वजनिक वाहतुकीच्या कण्याभोवती करावी, असा तिचा गाभा होता. या सूचनेमागचं अर्थकारण तर फारच धाडसी होतं. जमीन आज शेतीच्या भावाने सार्वजनिक मालकीत घ्यायची. रस्ते, पाणी, गाडी आली की तिचा भाव चढेल. त्या चढलेल्या भावातून शहराचा खर्च निघेल आणि गरिबाच्या घरालाही हातभार लागेल. म्हणजे अनुदान सरकारी तिजोरीतून न येता जमिनीतून यायचं होतं.

राज्य सरकारने ही कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झालं. शिरीष पटेल नियोजनाचे प्रमुख झाले, कोरिया मुख्य वास्तुविशारद. ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरलं. सरकारने दिलेलं बीजभांडवल होतं सुमारे चार कोटी रुपये. एवढ्या पैशात शहर उभं राहत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. बाकीचं भांडवल जमीनच पुरवणार होती.

१९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा तयार झाला आणि १९७९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. या आराखड्यात एकच मोठं केंद्र नव्हतं. वाशी, नेरुळ, बेलापूर, पनवेल अशी छोटी छोटी नगरं, ज्यांना आजही सगळे 'नोड' म्हणतात, रेल्वेमार्गावर मण्यांसारखी ओवलेली होती. प्रत्येक नोडला स्थानक, त्याभोवती बाजार आणि कार्यालयं, त्यापलीकडे चालत पोचता येतील अशी घरं. नकाशावर रेल्वे आधी होती आणि शहर तिच्या मागून येणार होतं.

या नकाशाखाली मात्र जिवंत गावं होती. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर ती तगलेली होती. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या आणि मोबदला ठरला तो शेतजमिनीच्या भावाने. पुढे त्याच जमिनीचे भूखंड निविदा काढून चढ्या बोलीला विकले जाऊ लागले. ज्याच्या बांधावर हे सगळं घडत होतं, त्या शेतकऱ्याला हा हिशेब समजायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

जासईचे दि. बा. पाटील या शेतकऱ्यांचे नेते झाले. शेतकरी कामगार पक्षाचे वकील पुढारी, अनेकदा आमदार आणि दोनदा खासदार. एकरी ४० हजार रुपये मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा, ही मागणी घेऊन उरण-पनवेलची गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. जासईच्या परिसरात दर जानेवारीत आजही त्यांना अभिवादन केलं जातं.

त्या रक्ताने एक तत्त्व मान्य करून घेतलं. ज्याची जमीन गेली, त्याला संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळावा. 'साडेबारा टक्के योजना' १९९० च्या दशकात प्रत्यक्षात आली आणि हे तीन शब्द नवी मुंबईच्या रोजच्या बोलण्यात कायमचे रुजले. शहर घडवणाऱ्या भाववाढीत मूळ मालकाचाही वाटा असतो, हे सरकारने कबूल केलं. या इतिहासातला हा सर्वांत न्याय्य निर्णय, आणि तो आंदोलनाने मिळवलेला.

इकडे शहर मात्र रेंगाळत होतं. १९७३ मध्ये खाडीपूल खुला झाला, पण हार्बरची लोकल मानखुर्दलाच थांबत होती. शासन मुंबईतून हललं नाही. मंत्रालय होतं तिथेच राहिलं, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नवे मनोरे उभे राहिले. वाशीत घर घेणारा माणूस सकाळी बसच्या रांगेत उभा राहायचा, पूल ओलांडायचा आणि पुढे गाडी पकडायचा. ज्या गाडीभोवती शहर आखलं होतं, तिच्यावाचून ते दोन दशकं जगत होतं.

नेमक्या याच कोरड्या वर्षांत सर्वांत स्वस्त घरं झाली. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडा आणि सिडको या दोघांनी तो राबवला. या प्रकल्पात सरकार तयार घर देत नव्हतं. छोटा भूखंड, रस्ता, पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी एवढं मिळायचं. भिंती आणि छप्पर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारायचं. मोठे भूखंड चढ्या भावाने विकून छोट्यांची किंमत खाली ठेवली जायची. ऐरोली, कोपरखैरणे भागात या वसाहती अजून आहेत आणि तिथली माणसं त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बीयूडीपी' म्हणूनच ओळखतात. आखूड दर्शनी भागाची, एकमेकांना चिकटलेली ही घरं. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मग मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढला, मग तळमजल्यावर किराणा किंवा शिवणकामाचं दुकान निघालं.

त्या घरांचा खरा लाभ दिसला तो पुढे वीस वर्षांनी. ठाणे-तुर्भे-वाशी मार्गावर ९ नोव्हेंबर २००४ रोजी लोकल सुरू झाली आणि ऐरोली, कोपरखैरणे इथे स्थानकं आली. गाडी नसताना ज्यांनी तिथे पाय रोवले होते, त्यांच्या दाराशी गाडी आली, आणि चढलेला भाव त्यांच्याच घराला लागला. स्थानकाच्या भाववाढीचा वाटा साध्या कुटुंबाला मिळाल्याचं नवी मुंबईच्या इतिहासातलं हे ठळक उदाहरण. गाडीच्या आधी घर हातात पडलं होतं म्हणून ते घडलं.

गाडी आली कशी, हेही समजून घ्यायला हवं. रेल्वेला नव्या शहरासाठी एवढा खर्च करायचा नव्हता. शेवटी जे सूत्र ठरलं, ते देशात नवीन होतं. खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलायचा आणि ३३ टक्के रेल्वेने. त्या बदल्यात स्थानकांच्या इमारती आणि आसपासची जागा व्यापारी वापरासाठी विकसित करण्याचा अधिकार सिडकोकडे आला. वाशीला आणि बेलापूरला स्थानकाच्या डोक्यावर कार्यालयांचे मजले दिसतात, ते यामुळे. शिवाय या मार्गांवरच्या तिकिटावर अधिभार बसला. म्हणजे वाशीहून मुंबईला जाणारा कारकून वर्षानुवर्षं आपल्या पासातून रेल्वेमार्गाची वर्गणी भरत राहिला.

९ मे १९९२ रोजी वाशीला पहिली लोकल आली. पुढच्या वर्षी ती नेरुळ आणि बेलापूरला पोचली, १९९८ मध्ये पनवेलला. त्यानंतर नवी मुंबई थांबली नाही. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर लोकसंख्या नोंदली गेली. पण आता 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे शब्द जाहिरातीत आले की घराचा आकडा वर सरकू लागला. सिडकोला ६७ टक्के खर्च भरून काढायचा होता. त्यासाठी स्थानकाजवळचा भूखंड जास्तीत जास्त बोलीला विकणं तिला भाग होतं. गाडीचा पैसा ज्या जमिनीतून काढायचा, त्याच जमिनीवर स्वस्त घरही हवं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच भूखंडावर मावत नव्हत्या.

अन्नपूर्णा शॉ यांनी २००४ मध्ये नवी मुंबईच्या जडणघडणीवर पुस्तक लिहिलं. गरिबांना सामावून घेण्याचं मूळ उद्दिष्ट कसं मागे पडत गेलं आणि शहर मुख्यतः मध्यमवर्गाचं कसं झालं, याची चिकित्सा त्यात आहे. घरकाम करणारी बाई, बाजारातला हमाल, रिक्षाचालक हे सगळे शहराला हवे होते. त्यांना जागा मिळाली ती गावठाणांभोवतीच्या दाट चाळींत आणि डोंगराच्या पायथ्याशी, झोपड्यांत.

सरकारी अनुदान या गोष्टीत उशिरा शिरतं. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला. तिच्या भागीदारीतून परवडणारी घरं बांधण्याच्या घटकात आर्थिक दुर्बल गटाच्या प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख ठरले, महाराष्ट्राने त्यात एक लाखाची भर घातली. २०१७ मध्ये केंद्राने वाहतूककेंद्री विकासाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरच्या, म्हणजे दहा-बारा मिनिटं चालण्याच्या टापूत दाट वस्ती करावी, असं त्यात सांगितलं होतं. कोरिया, मेहता आणि पटेल यांच्या पिढीने मांडलेला विचार अर्ध्या शतकानंतर दिल्लीच्या धोरणात उमटला.

सिडकोने दोन्ही धागे जोडले. स्वतःच्या मालकीच्या उरल्यासुरल्या जागा शोधल्या, तर त्या नेमक्या वाहतुकीच्या जागा निघाल्या. स्थानकांसमोरची मोकळी पटांगणं, बस आगारांचे भूखंड, वाशीचा ट्रक टर्मिनल. तिथे बुरुजांसारख्या इमारती उभारून हजारो घरं बांधायची, अशी योजना आखली गेली. पुढे या महागृहनिर्माणाचा आकडा ६७ हजार घरांचा सांगितला जाऊ लागला.

सुरुवातीला उत्साह मोठा होता. २०१८ मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी इथल्या १४,८३८ घरांसाठी अर्ज मागवले, तेव्हा घरांच्या कित्येक पट अर्ज आले. दुर्बल घटकासाठी सुमारे २५.८ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फुटांचं घर. तेवढ्यासाठी लोक सोडतीच्या दिवशी मोबाइलवर डोळे लावून बसत होते. मुंबईच्या परिसरात घराची भूक किती आहे, हे त्या आकड्यांनी पुन्हा सांगितलं.

अडचणी दोन बाजूंनी आल्या. खांदेश्वर आणि मानसरोवर स्थानकांसमोरच्या जागांवर काम सुरू होताच कामोठ्यातल्या रहिवाशांनी विरोध केला. स्थानकासमोरचं पटांगण वाहनतळासाठी, मुलांच्या खेळासाठी, गर्दी मोकळी होण्यासाठी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं नव्हतं. पण या वादात एक गोष्ट झाकली गेली. स्थानकाजवळच्या बाकीच्या जागा आधीच विकल्या गेल्या होत्या. गरिबासाठी उरलं होतं ते फक्त पटांगण.

दुसरी अडचण कागदावरच्या आकड्यांची होती आणि ती अधिक कठोर होती. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली आणि उलव्याचे भाव चढले. २०२२ च्या दिवाळीत सिडकोने बामणडोंगरी-खारकोपर परिसरातल्या ७,८४९ घरांची योजना काढली. किंमत ३५ लाखांच्या घरात. अट अशी, की अर्जदार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं. तीन लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. तीस लाखांचं कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता २७ हजारांच्या आसपास जातो. म्हणजे अटीत बसणाऱ्याची सगळी मिळकतही हप्त्याला पुरत नव्हती, आणि ज्याला हप्ता झेपत होता तो अटीत बसत नव्हता.

यावर उपाय झाले. २०२३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी उत्पन्नाची मर्यादा तीनवरून सहा लाख केली गेली. बामणडोंगरीच्या घरांची किंमत, विजेत्यांच्या मागणीनंतर, सहा लाखांनी उतरवावी लागली. हा दिलासा खरा होता. पण त्यातूनच एक गोष्ट उघडी पडली. अडीच लाखांचं अनुदान ३५ लाखांच्या किमतीचे जेमतेम सात टक्के होतं. सिडकोने किंमतच उतरवली, तेव्हा त्या अनुदानाच्या दुपटीहून अधिक सवलत एका निर्णयात मिळाली.

२०२४ च्या दसऱ्याला २६ हजार घरांची 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' ही योजना निघाली. जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या, तेव्हा तळोज्यात दुर्बल घटकाचं घर २५ लाखांना होतं. वाशीच्या ट्रक टर्मिनलवरचं अल्प उत्पन्न गटाचं घर ७४ लाखांना, आणि खारघर स्थानकाजवळचं ९७ लाखांना. दोन्ही ठिकाणी गटाचं नाव 'अल्प उत्पन्न' असंच होतं. हे नाव आणि तो आकडा यांची सांगड कुठल्याच कुटुंबाच्या वहीत बसत नाही.

आता मागे वळून पाहिलं तर अर्ध्या शतकाचा हिशेब असा मांडता येतो. नवी मुंबईच्या रेल्वेला सर्वांत मोठं अनुदान दिलं ते ९५ गावांतल्या शेतकऱ्यांनी, शेतीच्या भावात जमीन देऊन. त्याखालोखाल दिलं ते प्रवाशांनी, तिकिटावरच्या अधिभारातून. त्या दोघांच्या त्यागातून जमिनीचा भाव चढला आणि चढलेला भाव बहुतांशी निविदेत सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे गेला. सरकारचे अडीच लाख या सगळ्याच्या शेवटी आले, जेव्हा भाव शिखरावर होता.

सिडकोच्या बाजूनेही न्यायाने बोललं पाहिजे. तिच्यावाचून खाडीपलीकडे लोकल गेली नसती. जमिनीच्या पैशातून रेल्वे उभारता येते, हे तिने देशाला दाखवून दिलं. बामणडोंगरीच्या फलाटासमोर ज्यांना घर मिळालं, त्यांच्यासाठी आयुष्य बदललं आहे. कर्जाचा हप्ता भरताना तारांबळ उडाली, तरी रोजचे दोन-तीन तास आणि प्रवासाचे पैसे वाचणं ही लहान गोष्ट नाही. अनुदान द्यायलाच हवं. प्रश्न ते कोणत्या रूपात आणि कोणत्या वेळी द्यायचं, हा आहे.

त्याचं उत्तर ऐरोली-कोपरखैरण्याच्या त्या एकमेकांना चिकटलेल्या घरांत आणि जासईच्या साडेबारा टक्क्यांत, दोन्हीकडे आधीच मिळालं आहे. दोन्ही ठिकाणी वाटा जमिनीच्या रूपाने मिळाला, म्हणून भाव चढला तरी तो वाटा घटला नाही. रोख रकमेचं तसं होत नाही. २०१५ मध्ये ठरलेले अडीच लाख दहा वर्षांनीही अडीच लाखच राहिले.

महाराष्ट्रात आज मेट्रोची नवी स्थानकं उभी राहत आहेत. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, बेलापूर ते पेंधर धावणाऱ्या नवी मुंबई मेट्रोवर. प्रत्येक स्थानकाभोवती पुन्हा तोच क्रम सुरू होईल: आधी आराखडा, मग भाववाढ, मग सोडत, मग हप्त्याची विवंचना. तो टाळायचा असेल, तर स्थानकाचा आराखडा मंजूर होईल त्याच दिवशी त्याच्या चालण्याच्या टापूतली काही सार्वजनिक जमीन गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवा, ती कधीही विकू नका आणि त्या घरांच्या किमतीत जमिनीचा भाव धरू नका. नवी मुंबईत तरी त्या जमिनीची किंमत १९८४ मध्येच चुकती झाली आहे.